इंजिन, मोटर आणि बाभुळगावचं गॅरेज

सकाळी ६

मे महिन्यात गॅरेज लवकर उघडतो. अकरानंतर पत्र्याखाली लोखंडाला हात लावणं कठीण होतं, पान्हासुद्धा धरवत नाही. म्हणून जड काम ऊन चढायच्या आत उरकायचं. बाभुळगाव हे यवतमाळ आणि धामणगाव रेल्वे यांच्या मधलं तालुक्याचं गाव. यवतमाळला दवाखान्यात जाणारे, धामणगावला गाडी पकडायला जाणारे, मादणी, सावर, घारफळ, राणी अमरावतीकडून बाजाराला येणारे, सगळ्यांची चाकं या रस्त्यावरून फिरतात आणि अडलेली माझ्या दारात येऊन थांबतात.

अलीकडे काम सांगून झालं की गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं, "मिस्त्री, इंजिनाचा जमाना आता संपून रायला म्हणते. खरं हाय का?" प्रश्न एकच असतो, उत्तर मात्र समोर कोणती गाडी उभी आहे त्यावर बदलतं. ते एकदा नीट मांडावं म्हणून हा एका दिवसाचा हिशेब लिहितो आहे.

पहिला नंबर काल रात्रीपासून दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा. पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा, ऐन नांगरटीचा हंगाम आणि सेल्फ उचलत नाही. मालक बजावून गेले होते, "भाऊ, आठच्या आत वावरात पायजे." सेल्फ उतरवून मागचं झाकण काढलं. कार्बन झिजून नखाएवढे उरले होते, कम्यूटेटर काजळीनं काळा पडला होता. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं तो उजळला, तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं मोकळ्या केल्या, नवे कार्बन टाकले, बुशला ग्रीस दिलं. बेंचवर बॅटरीच्या वायरी टेकवताच आर्मेचर सणसणीत फिरलं.

या एवढ्याशा मोटरीनं एकदा सगळ्या बाजाराचा निकाल लावलेला आहे. १९०० च्या सुमारास अमेरिकेच्या शहरांत विजेच्या मोटारी सर्रास धावत. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे, ते उलटं फिरलं तर मनगट मोडत असे. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा सेल्फ आला आणि हँडलची भीती गेली. तोवर फोर्डची स्वस्त मॉडेल टी बाजारात आलेली होती, तेलही मुबलक झालं होतं. पुढच्या काही वर्षांत विजेची मोटार जवळपास पुसली गेली. हा मुकाबला आजचा नाही. तेव्हा किंमत, सोय आणि एका दमात किती लांब जाता येतं, या तीन गोष्टींवर तो सुटला होता. आजही त्याच तीन गोष्टींवर सुटणार आहे.

मालक ट्रॅक्टर न्यायला आले, तेव्हा म्हणाले, "करंटवरचा ट्रॅक्टर निघाला म्हणते ना? घेऊन टाकावा का?"

निघाला आहे. सोनालिकानं डिसेंबर २०२० मध्ये 'टायगर इलेक्ट्रिक' आणला, त्याची बॅटरी २५.५ युनिटची. आता आपल्या काळ्या मातीचा हिशेब करू. उन्हाळी नांगरटीला मालकांचा हा पंचेचाळीसचा ट्रॅक्टर तासाला पाच-सहा लिटर डिझेल पितो. एका लिटरमध्ये साधारण दहा युनिटची ऊर्जा असते. इंजिन तिचा जेमतेम तिसरा हिस्सा कामाला लावतं, बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरमधून हवेत जाते. म्हणजे तासाला पंधरा-वीस युनिटचं खरं काम. पंचवीस युनिटची बॅटरी दीड तासात खाली. वावरात चार्जर नाही आणि मान्सूनच्या तोंडावर दिवसाचे दहा-बारा तास औत चालवायचं असतं. फवारणी, डवरणी, हलकी ट्रॉली एवढ्यापुरता तो चालेल. नांगरटीला आज तरी डिझेलच.

"मंग राहू द्या," म्हणाले आणि पावणेआठला ट्रॅक्टर घेऊन गेले.

सकाळी ८

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या. इलेक्ट्रिक स्कूटर आहे, रोज पस्तीस-चाळीस किलोमीटर फिरणं: लसीकरण, गरोदर बायकांच्या भेटी, मीटिंग. "दादा, फक्त मागचा ब्रेक पाहून द्या, बाकी काही नाही." आणि खरंच बाकी काही नव्हतं. मागच्या ब्रेकची केबल ताणून दिली, टायरमध्ये हवा मारली, झालं.

इथं माझं उत्तर ट्रॅक्टरच्या नेमकं उलट आहे. अशी स्कूटर शंभर किलोमीटरला तीन-साडेतीन युनिट घेते. घरगुती युनिट स्लॅबप्रमाणे आठ-दहा रुपयांना धरलं, तर तीस-पस्तीस रुपये. पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस देत असेल, तर तेवढ्याच अंतराला सव्वादोन लिटर, म्हणजे दोनशे तीसच्या वर. सिस्टर संध्याकाळी पोर्चमधल्या साध्या पिनला वायर लावतात, सकाळी गाडी भरलेली असते. मध्यरात्री दोन तास लाईट गेली तरी बिघडत नाही. रोजचं अंतर ठरलेलं, रात्री गाडी घरी, घरात प्लग: या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्यानं पेट्रोलची स्कूटर घ्यायला आज कारण नाही. हे मी ऑइल विकणारा माणूस असून सांगतो.

आणि माझं काय जातं, तेही लपवत नाही. पेट्रोलच्या गाडीत ऑइल, प्लग, एअर फिल्टर, क्लच, कार्ब्युरेटरची सफाई, चेन-स्प्रॉकेट, टॅपेट. तालुक्याच्या ठिकाणच्या गॅरेजचं पोट यावरच चालतं. विजेच्या स्कूटरला टायर, ब्रेक, बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर एवढंच. तरी लोकांचा खर्च वाचतो म्हणून मी तोंड वाकडं करणार नाही.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याच्या पोराची विजेची स्कूटर नाल्याच्या पाण्यातून काढल्यावर बंद पडली. कंट्रोलरमध्ये पाणी गेलं होतं, इतकं मी मीटर लावून ओळखलं. पण कंट्रोलर बाजारात मिळत नाही, कंपनी बाहेरच्या मिस्त्रीला देत नाही आणि तिचं सर्व्हिस सेंटर इथून लांब. गाडी टेम्पोत घालून न्यावी लागली आणि आठवड्यांवर आठवडे तिथं पडून राहिली. पोरगा तोवर कॉलेजला एसटीनं जात होता. मोटरसायकल असती, तर मी ती दुपारपर्यंत चालती केली असती.

आगीचं भय लोक अजून बोलून दाखवतात. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली, त्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला. त्यानंतर केंद्रानं बॅटरीच्या चाचण्यांचे एआयएस-१५६ नियम कडक केले आणि २०२२ च्या डिसेंबरपासून ते टप्प्यानं लागू झाले. माझं सांगणं इतकंच: उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत गार होऊ द्या. झोपायच्या खोलीत किंवा कापसाच्या गंजीजवळ चार्ज करू नका. चार्जर कंपनीचाच वापरा. आणि घेताना विचारा की बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे का. ही जात आपल्या पंचेचाळीस डिग्रीत जास्त टिकते.

साडेनऊ

स्टँडवरचा एक ॲटोवाला आला. डिझेलचा ॲपे, बारामतीच्या कारखान्यातला, धूर काळा. नोझल काढून टेस्टिंगला पाठवायचं ठरलं. त्याचा प्रश्न थेट होता, "पुढची गाडी कोणती घेऊ, ते सांग."

देशाचा आकडा त्याला सांगितला. २०२४-२५ मध्ये भारतात विकल्या गेलेल्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. दुचाकींत हे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास आणि मोटारींत शंभरात दोन-तीन. तीनचाकीत एवढी उडी का? कारण ॲटोवाला दिवसाला किती फिरतो, ते त्याला पक्कं माहीत असतं, आणि रोजच्या डिझेलचे पैसे वाचले की बँकेचा हप्ता त्यातूनच निघतो. त्यासाठी कुणाला पर्यावरणावर भाषण द्यावं लागलं नाही.

पण त्यानं अडचणही बरोबर काढली. स्टँड ते कोर्ट, स्टँड ते शाळा असं गावात फिरायचं असेल तर ठीक. यवतमाळची फेरी पडली, वरून लग्नाची वऱ्हाडी मंडळी आणि सामान, तर परत यायला दम राहील का? मी त्याला लिथियम बॅटरीचीच गाडी घ्यायला सांगितलं. स्वस्तातल्या ई-रिक्षात लेड-ॲसिडच्या चार-पाच बॅटऱ्या असतात. त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाहावं लागतं आणि वर्ष-दीड वर्षात त्यांचा जोर उतरतो. मग कर्ज फिटायच्या आत नवा संच घ्यावा लागतो. अशी गाडी घेऊन अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

बोलता बोलता समोरून एसटी गेली, डिझेलचीच. महामंडळाची पहिली विजेची 'शिवाई' १ जून २०२२ ला पुणे ते अहमदनगर धावली. १ जून १९४८ ला याच मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली होती. तालुक्याच्या फाट्यावर थांबणाऱ्या साध्या गाडीपर्यंत ती वीज कधी पोचणार, हा खरा प्रश्न आहे. कारण एक बस रोज शेकडो किलोमीटर फिरते, आणि पन्नास माणसांचा धूर एका गाडीत वाचत असेल, तर सरकारी पैसा आधी तिथंच लागला पाहिजे.

अकरा

आजच्या दिवसातलं सगळ्यात मन लावून केलेलं काम यावेळी आलं. यवतमाळहून लग्नाला आलेल्या एका डॉक्टरांची हायब्रिड गाडी मंगल कार्यालयासमोर मुकी झाली होती. बटण दाबलं की डॅशबोर्ड लुकलुकतो आणि विझतो. भोवती माणसं जमलेली. एक काका म्हणाले, "चार्जिंगला लावा नं तिले, चार्जिंग संपली असंन."

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. आपल्याकडच्या या हायब्रिडला बाहेरून चार्जिंग नसतंच. तिचं पोट पेट्रोलवरच भरतं. बाजारात दोन प्रकार आहेत. एक 'स्मार्ट हायब्रिड', मारुतीनं २०१५ मध्ये सियाझमध्ये आणलेला. त्यात अल्टरनेटरच थोडा मोठा आणि हुशार असतो, सिग्नलला इंजिन बंद करतो, उचलताना जरा हातभार लावतो. ती गाडी एकट्या विजेवर चालत नाही. दुसरा प्रकार 'स्ट्राँग हायब्रिड': ग्रँड विटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी. यांत चाक फिरवू शकणारी खरी मोटर असते. टोयोटानं असली पहिली प्रियस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात विकायला काढली, म्हणजे तंत्र चांगलं पंचवीस वर्षं रुळलेलं आहे.

बॉनेट उघडल्यावर पोऱ्याला आधी मागं सरकवलं. नारिंगी वायर दिसली की हात खिशात, हा माझ्याकडचा पहिला धडा. त्या वायरींत पावणेदोनशे व्होल्टपासून वर कितीही असू शकतं, आणि तेवढा झटका जीव घेऊ शकतो. ते काम करायचं तर हजार व्होल्टचे रबरी हातमोजे, सर्व्हिस प्लग काढणं आणि कॅपॅसिटर उतरायला दहा मिनिटं थांबणं, याला पर्याय नाही.

पण दोष तिथं नव्हताच. या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, आणि गाडी जागी करण्याचं काम तिचं. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही उपयोग नाही. मीटर लावला: नऊ व्होल्टच्या खाली. दार नीट न लागल्यानं रात्रभर आतला दिवा जळत राहिला होता. जंपर लावला, बटण दाबलं, डॅशबोर्डवर 'रेडी' उमटलं. इंजिनाचा आवाज नाही, काहीच नाही, आणि गाडी हळूच पुढं सरकली. काका दोन पावलं मागं झाले.

डॉक्टर घाईत नव्हते, म्हणून आतली रचना लोकांना सांगितली. या गाडीत वेगळा सेल्फ नाही, जुन्या अर्थानं अल्टरनेटर नाही, क्लचही नाही. मधोमध सूर्य आणि भोवती ग्रह फिरावेत तसा गिअरचा एक संच आहे. त्याच्या एका टोकाला इंजिन, दुसऱ्याला जनरेटर, तिसऱ्याला मोटर आणि चाकं. कंप्युटर क्षणोक्षणी ठरवतो की कुणी किती जोर लावायचा. गावात, गर्दीत, सावकाश असताना मोटर, हायवेला इंजिन, चढावर दोघं मिळून. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनरेटर होते आणि एरवी ब्रेक पॅड तापवण्यात जाणारा जोर बॅटरीत परत येतो. ग्रँड विटाराची बॅटरी फक्त पाऊण युनिटची आहे. एवढीशी बॅटरी पुरते, कारण ती दिवसभर भरत-उतरत राहते. कंपनीचा दावा लिटरला २७.९७ किलोमीटरचा. माणूस बरा चालवत असेल, तर बावीस-तेवीस मिळतात असं गिऱ्हाइकांकडून ऐकतो.

याची किंमत मात्र मोठी आहे. शिवाय २०१९ पासून विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के आणि हायब्रिडला त्याच्या कित्येक पट. २०२५ च्या सप्टेंबरात दर बदलले, तरी लहान गाड्या १८ आणि मोठ्या ४० टक्क्यांत, हायब्रिड असली तरी सुटका नाही. मला हे पटत नाही. जी गाडी निम्मं नाही तरी चतुर्थांश पेट्रोल वाचवते, तिला नुसत्या इंजिनाच्या गाडीच्या पंक्तीला बसवू नये.

दुपारी एक ते तीन

शटर अर्धं खाली. घरी तुरीचं वरण, पोळी, कांदा आणि कैरीचं पन्हं. सव्वाला लाईट गेली. अंगणात बाज टाकून पडलो, तरी डोक्यात आकडे फिरत राहिले.

लोक म्हणतात, विजेची गाडी म्हणजे धूर नाही. बाभुळगावात नाही, हे खरं. पण आपल्याच जिल्ह्यात वणीकडं जाऊन पाहा. वेकोलिच्या खाणी, कोळशाचे डंपर आणि पलीकडं चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र. आपल्या प्लगमधल्या विजेतला मोठा वाटा कोळशाचा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. देशाच्या ग्रीडवर एका युनिटमागं साधारण ०.७ किलो. आता भागाकार करू. पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला ५० ग्रॅम, विजेची २३-२४. निम्म्याहून कमी, वाद संपला. पेट्रोलची मोटार लिटरला सोळा देत असेल तर १४० च्या वर. विजेची मोटार युनिटला सहा किलोमीटर धरली तर ११५-१२०. आणि हायब्रिड बावीसच्या हिशेबानं १०५. म्हणजे आजच्या कोळशावर हायब्रिड आणि विजेची मोटार बरोबरीला आहेत, किंबहुना हायब्रिड किंचित पुढंच. बॅटरी बनवताना होणारं प्रदूषण आणि तारांतली गळती यात धरलेली नाही.

हे आकडे मी विजेच्या गाडीच्या विरोधात मांडत नाही. पेट्रोलची गाडी आयुष्यभर पेट्रोलच पिणार. विजेची गाडी मात्र वीज सुधारली की आपोआप सुधारते, तिचा एक नटही बदलावा लागत नाही. नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या मोटारींपैकी शंभरात जवळपास नव्वद विजेच्या होत्या, आणि तिथली वीज पाण्यावर होते. आपल्याकडं पाणी नाही, पण ऊन आहे आणि ते फुकट आहे. घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, तर दिवसाला सरासरी बाराएक युनिट. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. बारा युनिट म्हणजे मोटारीचे सत्तर किलोमीटर, सिस्टरांच्या स्कूटरचा नऊ-दहा दिवसांचा प्रवास.

इंजिन खरोखर गेलेलं आम्ही एकदा पाहिलं आहे, तेही मोटारीत नव्हे, विहिरीवर. हा धंदा मी शिकलो तो शेतातल्या डिझेल इंजिनांवर. किर्लोस्कर, फील्डमार्शल. हंगामात रात्री-अपरात्री बोलावणं यायचं, कंदिलाच्या उजेडात नोझल उघडायचो. आधी विजेच्या मोटरी आल्या, आता सौर पंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचे पॅनेल वावरावावरांत दिसतात. दिवसा पाणी देता येतं, रात्री सापाच्या भीतीनं बॅटरी घेऊन जावं लागत नाही. ते इंजिन कुणी बंदी घालून घालवलं नाही. शेतकऱ्याला सोयीचं आणि स्वस्त काही मिळालं, म्हणून ते गोठ्याच्या कोपऱ्यात गेलं.

चार

लाईट आली, कॉम्प्रेसर सुरू झाला. एक जुनी मोटरसायकल, टाकीच्या तळाशी पाणी आणि पाइप फुगलेला. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाड्यांची रबरं त्याच्यासाठी बनलेली नाहीत. पाइप, ओ-रिंग बदलून दिले आणि टाकी फार दिवस अर्धवट ठेवू नका म्हणून सांगितलं. इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, तेव्हा ॲव्हरेज थोडं उतरणारच. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या हायब्रिड इनोव्हाचा नमुना दिल्लीत लोकांसमोर आणला. अशी गाडी रस्त्यावर आली, तर इंजिन राहून आयातीचं तेल कमी होण्याची एक वाट उघडेल.

पाच

आता आला तो माझ्या दृष्टीनं आजचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस. भाड्यानं गाडी चालवतो. इथले पेशंट यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात, नाही तर सावंगी-सेवाग्रामला आणि त्याहून अवघड केस नागपूरला नेतो. जुनी गाडी विकून नवी घ्यायची आहे. "दादा, विजेची घेऊ का? डिझेलमध्ये सगळी कमाई चालली."

दोघं बाकावर बसलो. नागपूरला जाऊन येणं म्हणजे तीनशे किलोमीटरच्या घरात. साध्या पेट्रोल गाडीला एकोणीसेक लिटर, दोन हजार रुपये. हायब्रिडला चौदाएक लिटर, चौदा-पंधराशे. विजेची घरी भरून निघाली तर पन्नास युनिट, पाचशे रुपये. वाटेत फास्ट चार्जर लावला, तर तिथला दर घरच्यापेक्षा बराच जास्त, तरी पेट्रोलच्या निम्म्यावरच राहतो. वर धामणगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात तिथं विजेच्या मोटारीला टोलमाफी आहे. कागदावर विजेची गाडी कुठल्या कुठं पुढं.

पण मी त्याला विचारलं, रात्री दोन वाजता फोन येतो, तेव्हा गाडी किती भरलेली असते? तो दिवसा यवतमाळच्या दोन फेऱ्या मारून आलेला, संध्याकाळी सात ते दहा लाईट नव्हती. घरच्या पंधरा ॲम्पिअरच्या प्लगवर तीस युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. एसी लावून, पाच माणसं बसवून, मेच्या उकाड्यात कंपनीनं छापलेला आकडा मिळत नाही, त्याच्या दोन-तृतीयांश धरावा. बाळंतपणाची बाई मागं कळा देत असताना चार्जर शोधत फिरता येणार नाही. पेट्रोल पंपावर तीन मिनिटांत चारशे-पाचशे किलोमीटर टाकीत येतात. आज बॅटरीकडं याचं उत्तर नाही, निदान आपल्या रस्त्यावर नाही.

तो म्हणाला, "म्हणजे नाही घ्यायची?"

मी म्हणालो, तुझ्या या कामाला आज हायब्रिड घे, परवडत नसेल तर चांगली सीएनजी-पेट्रोल पाहा. पण तुझा भाऊ बँकेत रोज यवतमाळला जातो-येतो, पन्नास किलोमीटर, घरी अंगण आहे. त्यानं डोळे मिटून विजेची घ्यावी. एका घरातल्या दोन भावांना दोन उत्तरं मिळाली, आणि दोन्ही बरोबर आहेत.

इथल्या तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळ किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात, चोवीस तास चालणारा एक फास्ट चार्जर उभा राहिला, त्याला मागं जनरेटर किंवा मोठी बॅटरी असली, तर माझं हे उत्तर त्याच दिवशी बदलेल. शहरात मॉलच्या तळघरात चार्जरांची रांग लागते. गरज पडते ती अशा मधल्या गावांत, जिथून पुढं काही मिळत नाही.

सात

ऊन उतरल्यावर आयटीआय केलेली दोन पोरं येतात. फुकट शिकतात, फुकट राबतात. आज त्यांना सकाळचा सेल्फ आणि अकराची हायब्रिड, दोन्ही सांगितलं. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड देशात सुरू झालेला आहे. तो आमच्या तालुक्यांत पोचला पाहिजे, आणि हातमोजे, इन्सुलेटेड पान्हे, बॅटरीचा स्कॅनर यांच्यासकट पोचला पाहिजे. फळ्यावर मोटर काढून मोटर शिकता येत नाही.

केंद्राच्या ग्राहक खात्यानं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. हक्क कागदावर आला, आता मॅन्युअल, सुटे भाग आणि फॉल्ट कोड वाचायची सोय आमच्या हातात यावी. कंपन्यांना माझी हात जोडून विनंती आहे: गाडी गावात विकता, तर तिचा भागही गावात विका. ज्या गाडीला गावातला मिस्त्री हात लावू शकत नाही, ती गाडी गावात टिकत नाही. उद्या विजेची मोटार मागं पडली, तर बॅटरीइतकंच हेही कारण असेल.

साडेआठ

शटर खाली ओढायच्या आधी वहीत दिवसाचा हिशेब लिहिला. मग सकाळपासून विचारणाऱ्यांना दिलेली उत्तरं जुळवून पाहिली. विहिरीच्या पंपावरून इंजिन गेलं. स्कूटरवरून आणि ॲटोवरून जातं आहे आणि जायलाच हवं. मोटारीत पुढची बरीच वर्षं इंजिन, हायब्रिड आणि वीज तिन्ही शेजारी शेजारी धावतील, आणि लांब पल्ल्याच्या माणसाला हायब्रिड हा आजचा शहाणा सौदा आहे. ट्रॅक्टर आणि मालाचा ट्रक सगळ्यात शेवटी.

तुम्ही गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर शोरूमला जायच्या आधी एक काम करा. महिनाभर रोज रात्री मीटरचा आकडा वहीत लिहा. सगळ्यात लांबचा दिवस किती किलोमीटरचा होता, तो वेगळा काढा. घरी रात्री गाडी कुठं उभी राहील आणि तिथं अर्थिंगसकट पंधरा ॲम्पिअरचा पॉइंट आहे का, ते वायरमनला दाखवा. एवढं कागदावर घेऊन या, मग कोणती गाडी घ्यायची ते आपण बसून ठरवू.